स्वीटीचं कॅपिटल रिपेअर

वैरागड्यांच्या घरात कुत्री आली ती बाबारावांच्या डोक्यातून, आणि राहिली ती रत्नमालाबाईंच्या पलंगाखाली.

बाबाराव वैरागडे पोलादाच्या प्लांटात क्लार्क. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण भिलाईत वीस वर्षं काढल्यामुळे हुकूम हिंदीत द्यायचे, भांडायचे मराठीत, आणि साहेब समोर आला की कोणतीच भाषा न बोलता नुसतं "हॅ हॅ, सर" करायचे. हे "हॅ हॅ" नाकातून निघायचं, तेही अर्धं कमरेत वाकून. सडक नंबर बारावरची पोरं ते हुबेहूब करून दाखवायची, आणि बाबाराव सायकलवरून जाताना दिसले की मुद्दाम मोठ्यानं करायची.

रत्नमालाबाईंचं निराळं. सहावीपर्यंत शिकलेल्या, उंच, आणि आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरातून "ओ भैया" म्हटलं की पलीकडच्या सडकेवरचा दूधवाला ब्रेक मारायचा. कुत्री पाहून त्या म्हणाल्या, "दोन पोरी आहेत ना मले. तिसरी केसाळ कावून आणली?"

"पामेरियन आहे. तुले नाही समजत. इन्व्हेस्टमेंट आहे हे."

समजलं त्यांना लवकरच. साल शहाऐंशी. टाउनशिपमध्ये ज्याच्या घरी सोफा यायचा, त्याला पुढच्या महिन्यात त्या सोफ्यावर ठेवायला पांढरा पामेरियन लागायचा. सवा वर्षात स्वीटीची दोन वेतं झाली. बाबारावांनी कॅलेंडरच्या पाठीमागे गिऱ्हाइकांची यादी केली, आणि ती आधी येणाऱ्याला आधी अशी नव्हे, तर ग्रेडप्रमाणे. फोरमनच्या वर इंजिनियर, इंजिनियरच्या वर मॅनेजर. कुणाचं प्रमोशन झालं की त्याचं नाव खोडून वर. क्वार्टरं मिळतात तशीच पिल्लं मिळायची.

गिऱ्हाइकं यायची, सोफ्यावर बसायची आणि प्रत्येक जण आपापल्या मुलखाच्या हिंदीत चौकशी करायचा. "रंग एकदम चिट्टा होना चाहिदा, वैरागडे जी." "कान खड़ा रहेगा ना, अइयो, गिरा हुआ कान हमको नहीं माँगता." "बड़ा तो नहीं होगा? हमारे यहाँ कालीन है." दोन वेतांच्या सात पिल्लांच्या गिऱ्हाइकांत मिळून एकानंही विचारलं नाही की आई कुठे आहे. आई न्हाणीघरात कोंडलेली असायची. तिचे केस झडून पाठीवर गुलाबी चट्टे पडले होते, थानं लोंबली होती आणि ओटा चढताना मागचे पाय लटपटायचे.

"माल दाखवताना मशीन नाही दाखवत," बाबाराव समजावायचे.

रत्नमालाबाईंना एक खोड होती. दिलेली वस्तू दिल्या घरी कशी आहे ते जाऊन पाहायचं. शेजारणीला दिलेलं विरजण नीट लागलं का, हेसुद्धा त्या झाकण उघडून पाहायच्या. दुसऱ्या वेतात तीन पोरी आणि एक पोरगा. पोरगा शेजारच्याच सडकेवर गेला होता, रोज दिसायचा, लठ्ठ झाला होता. पोरींना जाऊन चार महिने झाले तेव्हा बाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि लेकींच्या सासरी निघाव्या तशा, कुणालाही न कळवता, निघाल्या.

पहिली कॅम्प-१ वस्तीत, एका कापडाच्या दुकानात. गळ्यात लाल रिबीन घालून तिला गल्ल्याशेजारी बसवलं होतं. खाली उतरू लागली की दुकानदार रिबीन ओढून परत वर घ्यायचा. "शो के लिए है, भाभीजी. बच्चे देखके रुकते हैं, तो माँ भी रुकती है."

"मंग तुमीच बसा ना रिबीन घालून," भाभीजी म्हणाल्या, पण दुकानदाराला मराठी येत नव्हतं.

दुसरी मरोद्याला, एका फोरमनच्या अंगणात. नळाला बांधलेली, तीही दोरीनं नाही, स्कूटरच्या क्लचवायरनं. केसांचे गोळे झालेले, पांढरा रंग कुठे होता ते शोधावं लागत होतं. फोरमनची बायको म्हणाली, "भौंकती बहुत है जी, सर दुखता है."

"कुत्ती है बाई, भजन करेगी क्या?"

तिसरीच्या घरी सोफा होता, कुत्री नव्हती. सोफ्याचा एक पाय कुरतडलेला. "दूधवाले को दे दी," मालकीण म्हणाली. दूधवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, "वो तो कब की भाग गई, भाभी."

त्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा बाबाराव फूटपट्टी घेऊन तक्ता आखत बसले होते. यादीत पहिल्या नंबरवर घोषालसाहेब आले होते. घोषालसाहेब म्हणजे बाबारावांचे डेप्युटी मॅनेजर, आणि मार्चमध्ये बाबारावांच्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू त्यांच्याच समोर. हथखोजच्या एका फॅक्टरीवाल्याकडे पामेरियन नर होता, त्याच्याशी बोलणं झालं होतं.

"हे पाह्य," बाबाराव फूटपट्टी नाचवत म्हणाले. "पंधरा दिवसांनी स्वीटी हथखोजले. त्याच्यानंतर त्रेसष्ट दिवस प्रॉडक्शन. चाळीस दिवस फिनिशिंग. म्हणजे इंटरव्ह्यूच्या बरोबर हप्त्यात पिल्लू साहेबाच्या मांडीवर!"

"अन् थे मेली तर?"

"मरत नाही. भट्टीचं कसं आहे, एकदा पेटली की थंडी होऊ देत नाहीत. नुकसान होते."

रत्नमालाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हात परातीतच ठेवला. "तुमच्या प्लांटात भट्टीले कॅपिटल रिपेअर देतात ना? थंडी करतात, आतून सारी खोलतात, चार-चार महिने बंद ठेवतात. तुमीच सांगत राह्यता जेवताना. लोखंडाले सुट्टी, अन् हिले नाही?"

"जनावराले काय समजते वं?"

"मले समजते ना." आता हात परातीबाहेर आला. "मी टेबलावर झोपली होती ऐंशी साली. दोन पोरी झाल्या, बस, म्हणून नसबंदीच्या कॅम्पात जाऊन ऑपरेशन करून आली. कागदावर सही कोणाची? तुमची. कापलं मले, इन्क्रीमेंट तुमाले. अजून खाऊन राहिले थे इन्क्रीमेंट!"

बाबाराव फूटपट्टी घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. हरल्यावर ते ओट्यावर बसायचे, पण तक्ता त्यांनी फाडला नाही.

मंगळवारी बाबारावांची सायकल कोपऱ्यावरून वळली, आणि पाच मिनिटांनी रत्नमालाबाई स्वीटीला जुन्या चादरीत गुंडाळून दुर्गच्या टेम्पोत बसल्या होत्या. टेम्पोवाला म्हणाला, कुत्तीचं हाफ टिकट लागेल. बाई म्हणाल्या, लाव, पण मग तिलाही सीट दे. त्यानं टेम्पो सुरू केला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात बैल, म्हशी आणि त्यांचे मालक अशी दाटी. कंपाउंडर तेजराम रजिस्टर घेऊन बसला होता, गंजिफ्रॉकवर पांढरा कोट. त्यानं चादरीत डोकावून छत्तीसगढीत विचारलं, "का होगे, दाई? का तकलीफ हे एला?"

"मालक," रत्नमालाबाई म्हणाल्या.

तेजरामनं पेन थांबवलं. मग बाईंनी सगळं सांगितलं, हथखोज, त्रेसष्ट दिवस, फिनिशिंग. तेजराम हसून हसून रजिस्टरवर पडला आणि आत ओरडला, "डाक्टर साहब! कुकुर के घलो नसबंदी!"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वीटीच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, पाठीवरच्या चट्ट्यांवर बोट फिरवलं. "कमज़ोर है," ते म्हणाले. "बेहोशी से उठेगी ही, ये मैं लिख के नहीं दूँगा. सोच लो, बाई."

हे बाईंनी हिशेबात धरलं नव्हतं. वाचवायला आणली, आणि आपणच मारून नेली तर? त्यांनी स्वीटीकडे पाहिलं. स्वीटी टेबलावर उभी, चारही पाय थरथरत होते, आणि ती बाईंच्या बांगड्या चाटत होती.

"तिसरं वेत झालं तर उठेल का?"

डॉक्टर हात धुवायला वळले. तेजरामनं कागद पुढे केला. "मालिक के दस्तखत."

"मालकीण मीच आहे," बाई म्हणाल्या, आणि सहावीच्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. आडनाव लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं.

मग दोन तास त्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली एका म्हशीच्या शेजारी बसून राहिल्या. म्हशीवाल्यानं बिडी विचारली, त्यांनी नको म्हटलं. पुन्हा विचारली असती तर घेतलीही असती. शेवटी तेजराम दारात आला. "दाई, तोर बेटी आँखी खोल दिस."

रत्नमालाबाई उठल्या, आणि पाय आखडले होते म्हणून म्हशीला धरून उभ्या राहिल्या.

घरी बाबारावांनी टाके पाहिले. आधी आपलं डोकं धरलं, मग छाती धरली, मग काय धरावं ते सुचेना म्हणून खुर्ची धरली. "बरबाद! रविवारी घोषालसाहेब चहाले येऊन राहिले! काय सांगू त्याहिले?"

"खरं सांगा."

"साहेबाले खरं कोणी सांगते का?"

रविवारी घोषालसाहेब आले. गोल चेहरा, मंकी कॅप, आवाज रसगुल्ल्याच्या पाकातून आल्यासारखा. बसले, सामोसा उचलला. "तो बाबाराव! हामारा पोपी कब आ रहा है? हामारा मिसेस तो नाम भी राख दिया. मिष्टी."

"हॅ हॅ, सर." बाबाराव वाकले. "सर, वो... स्वीटी... मेडिकल अनफिट हो गई, सर."

ही युक्ती त्यांना ऐन वेळी सुचली होती आणि ती अचूक बसली. प्लांटात सगळ्या गोष्टींवर वाद होतो, मेडिकल अनफिटवर होत नाही. घोषालसाहेबांनी गंभीर होऊन मान हलवली, क्षणभर सामोसाही खाली ठेवला. पण ते मुळात प्लांटचेच माणूस. कामगार अनफिट झाला की त्याच्या जागी घरच्याच कुणाला तरी नोकरी लावतात, म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"उसका कोई डिपेंडेंट है? मेये? बेटी?"

बाबारावांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "है ना, सर! तीन बेटी..."

"एक कैंप में दुकान पे बिठाई है," दारातून आवाज आला. रत्नमालाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "गल्ले से उतरने नहीं देते. एक का पता नहीं, जिंदी है कि नहीं मालूम नहीं. एक मरोदा में नल को बांधी है, क्लच के वायर से. आपको कुत्ती होना ना, साब? उसको छुड़ा के लाव. पैसा भी नहीं लगता. लेकिन पिल्ले निकालने के लिए नहीं. आप लाओगे, तो ऑपरेशन मैं करा के देती."

बाबारावांना खोकला आला. साहेबांनी कप बशीत ठेवला.

"वायर से?" ते म्हणाले. "काहे वायर से?"

"भौंकती है करके."

घोषालसाहेबांनी चहा संपवला, आणखी एक सामोसा घेतला आणि मंकी कॅप नीट करून गेले. बाबाराव ओट्यावर जाऊन बसले ते जेवणाच्या वेळेपर्यंत.

पुढच्या रविवारी साहेब मिसेसना घेऊन मरोद्याला पोचले. फोरमनला तर साहेब दारात आल्यानंच घाम फुटला. पकड आणून त्यानं स्वतः वायर तोडली. साहेब कौतुकानं खाली वाकले, "आय मिष्टी, आय..." आणि मिष्टीनं त्यांच्या पोटरीचा असा लचका तोडला की साहेब बंगाली, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकदम ओरडले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पोटातली चौदा इंजेक्शनं लिहून दिली आणि कायदा सांगितला. चावलेली कुत्री दहा दिवस नजरेसमोर ठेवायची, मेली तर कळवायचं. फोरमन म्हणाला, आपण तर शिफ्टमध्ये असतो, नजर कोण ठेवणार? तेव्हा कुत्री साहेबांच्याच बंगल्यावर, व्हरांड्यात. साहेब रोज सकाळी पोटाला सुई टोचून घ्यायचे आणि घरी येऊन दुरूनच विचारायचे, "जिंदा है?" मिसेस घोषाल दोन दिवस खिडकीतून पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माशाचं डोकं बाहेर ठेवलं. पाचव्या दिवशी कात्री घेऊन केसांचे गोळे कापायला बसल्या. आठव्या दिवशी आतून आवाज आला, "ओगो, तुम उसको देख के चिल्लाता क्यों है, वो डर जाता है ना!"

प्रमोशनची यादी मार्चअखेर लागली. ती सीनियॉरिटीप्रमाणेच लागली, दरवर्षी लागायची तशीच. बाबारावांचं नाव त्यात होतं. कॅलेंडरामागची यादी त्यांनी पुढं कधी काढली नाही.

पण हे नंतरचं. अकराव्या दिवशी सकाळी मिसेस घोषाल दार उघडतात तर समोर रत्नमालाबाई, इस्त्रीच्या साडीत, काखेत जुनी चादर, आणि फाटकापाशी टेम्पो घरघरत उभा.

"चलिए, भाभी. डाक्टर बारा बजे तकच रहते."

"किसको ले जाना है?" मिसेस घोषालनी विचारलं, आणि मिष्टीला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"दोनों को," रत्नमालाबाई म्हणाल्या. "तुमीबी चला. उठल्यावर कोणी तरी ओळखीचं लागते."