दोन बटणांची डबी

गल्लीतलं कुठलंही बंद पडलेलं यंत्र शेवटी घड्याळवाल्या काकांच्या टेबलावर यायचं. डोळ्याला भिंग लावत ते म्हणायचे, "माणसानंच जोडलंय ना? मग उघडताही येईल."

तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि काकूंची वाचा गेली. पापण्यांखेरीज अंगठा तेवढा हलायचा, तोही केसभर. त्यांच्यासाठी संगणकाला दोन बटणांची एक डबी जोडली होती. पडद्यावर अक्षरं सरकत, काकू हवं ते अक्षर दाबत आणि जुळलेला शब्द संगणक बोलून दाखवी. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दाढी करा."

पण संगणक थकला. एकेका शब्दाला पाच-पाच मिनिटं लावू लागला.

"जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाका, काका," शाळेत संगणक शिकवणारे मास्तर म्हणाले. "जुनं मशीनही पळतं. फक्त आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, जोडलेलं सगळं ओळखतंय का ते."

काकांनी बघितलं. पडदा, आवाज, कीबोर्ड, सगळं झकास. डबी काकूंच्या हाताखाली होती आणि काकूंचा डोळा लागला होता, म्हणून तेवढी तपासायची राहिली. त्यांनी डिस्क पुसून लिनक्स टाकलं.

दुपारी डबी जोडली, तर तिचा दिवाच लागेना. मास्तर धावत आले. तासभर झटून त्यांनी हात टेकले.

"हिचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमसाठी होता. लिनक्सला ही कळतच नाही."

"मग जुनंच परत टाका."

"त्याची सीडी?"

सीडी नव्हती. डबी बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. लिनक्सवर चालणारी दुसरी मागवायची, तर तीन महिने लागणार होते.

मास्तर गेल्यावर काकांनी डबी उघडली, भिंग लावलं. आत ना चाक, ना स्प्रिंग. नुसती एक काळी चिप. त्यांनी स्क्रू पुन्हा बसवले.

"माझंच चुकलं गं," ते म्हणाले.

मग त्यांनी कागदावर मुळाक्षरं लिहिली. आपण बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की तिनं डोळे मिटायचे. आता बोलणी खायची, असं मनाशी धरूनच त्यांनी सुरुवात केली. 'ऊ'वर डोळे मिटले. मग बऱ्याच वेळानं 'न'वर.

ऊन. खिडकीतून ते थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं, आणि दोघे पुरुष तासभर तिच्याकडे पाठ करून डबीशी झटत होते.

त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. कागद पुन्हा समोर धरून विचारलं, "आणखी काही?"

काकूंनी डोळे मिटले. बोट अजून कुठल्याच अक्षरावर नव्हतं. हे 'हो' आहे, की ती दमली आहे, ते त्यांना कळेना.