टायरला चिखल दाखवा

खंडेनवमीच्या सकाळी सहा वाजता मी धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून सायकलवर बाहेर पडले, तेव्हा वॉचमनने सलाम ठोकला. सलाम मला नव्हता, हेल्मेटला होता. हेल्मेट मुलाचं, डोक्यावर हलू नये म्हणून आत नॅपकिन कोंबलेला. सलवारीला सेफ्टी पिना. वय त्रेपन्न. हँडलला एक लाल प्लास्टिकची चिठ्ठी लोंबत होती: ‘वापरात नाही’.

ती चिठ्ठी आमच्या चेअरमनसाहेबांची. पार्किंगमधल्या पडीक सायकली भंगारात द्यायच्या, असा त्यांनी फतवा काढला होता. ही जाड टायरांची डोंगरी सायकल मुलाने हिंजवडीत नोकरीला असताना घेतली, चार रविवार चालवली आणि तो बंगळूरला गेला. गेले दोन महिने ती मी चालवत होते. पण भल्या पहाटे, कालव्याच्या रस्त्याने, कुणी बघू नये म्हणून. त्यामुळे कुणी बघितलं नव्हतं. दिवसभरात तेवढा एकच तास माझा असायचा. तो भंगारात द्यायची माझी तयारी नव्हती.

“आपण? सायकल?” चेअरमनसाहेब म्हणाले होते. “वहिनी, टायरला चिखल तरी दाखवा. खंडेनवमीला दुपारी चारला भंगारवाले येतायत.”

त्यांची स्वतःची स्कूटर शेजारीच कव्हराखाली उभी होती. तिच्यावर मांजरीच्या तीन पिढ्या जन्मल्या. तिला चिठ्ठी नव्हती.

तर मी चिखल आणायला निघाले होते. मुलाने फोनवर रस्ता सांगितला: खडकवासला, डोणजे, सिंहगडाचा घाट अर्धा चढून कोंढणपूरकडे वळायचं आणि गडाच्या पाठीमागच्या कल्याण गावाला जायचं. “एकदम सोपा आहे गं, आई.” दर वळणाला त्याने हेच सांगायला फोन केला असता, म्हणून फोन मी घरीच ठेवला.

खडकवासल्यापर्यंत रस्ता खरोखर सोपा होता. धरण काठोकाठ भरलेलं, पाण्यावर धुकं आणि भिंतीवर सेल्फीवाले. डोणज्यानंतर घाट लागला आणि ‘सोपा’ या शब्दाबद्दल माझं मत बदललं. सगळ्यात हलका गिअर टाकला की पाय गिरणीच्या पट्ट्यासारखे फिरतात आणि सायकल मात्र जागेवर विचार करत बसते. मागून आलेल्या गाडीची काच खाली झाली.

“काकू, पुढे रिक्षा मिळेल हां!”

दोन वळणांनंतर गडावर निघालेल्या गाड्यांची रांग तुंबली होती. तीच गाडी मध्ये अडकलेली. मी शेजारून घंटा वाजवत गेले आणि काचेत वाकून म्हटलं, “बसा, बसा. मी रिक्षा बघून येते.”

कोंढणपूरच्या फाट्याला वळले आणि गर्दी मागे राहिली. खिंड ओलांडल्यावर उतार, दोन्ही अंगाला भात, बांधांवर सोनकीची पिवळी फुलं. डोक्यावर गडाची काळी भिंत. पुण्यातून दिसणारा गड हा नव्हे. ही त्याची पाठ. कल्याण दरवाजा वरती कड्याच्या खोबणीत बसलेला. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इथून जे चढले असतील त्यांनाही कुणीतरी खाली उभं राहून ‘जमणार नाही’ म्हणालं असेलच. त्यांच्याकडे तर गिअरही नव्हते.

गावाच्या अलीकडे मातीच्या रस्त्यावर एक लवण (उताराखालचा ओला खोलगट भाग) लागलं. काय सांगू, असा चिखल! लाल, घट्ट, श्रीखंडासारखा. मी त्यातून गेले. मन भरेना, म्हणून परत वळून पुन्हा गेले. तिसऱ्यांदा जाताना सायकल थांबली आणि मी पुढे गेले.

बांधावर एक आजोबा बसले होते.

“पुण्यासनं आलाय?”

“हो.”

“मंग बस बंद हाय व्हय?”

त्यांच्या सुनेने, सखूताईंनी, मला हाताला धरून घरी नेलं आणि कपड्यांवरचा चिखल धुवून काढला. नवरात्राचे उपास होते, म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. भूक अशी होती की तिसऱ्या वाढीला मी नको म्हणायचा नुसता अभिनय केला.

हात धुवायला अंगणात आले आणि माझ्या तोंडून किंचाळी निघाली. सायकल लख्ख झाली होती. सखूताईंचे यजमान ट्रॅक्टर धूत होते, त्याच पाइपाने त्यांनी तीही धुतली होती. कणभर चिखल नाही!

“अहो, काय केलंत हे!”

“मंग? खंडेनवमीला गाडी अशी घाण ठेवायची?” ते म्हणाले.

ट्रॅक्टर, पाभर (पेरणीचं अवजार), कोयते, खुरपी अशी रांग लावली होती. त्या रांगेच्या टोकाला माझी सायकल. हळदकुंकू लावलेली, गळ्यात झेंडूचा हार.

“दुसऱ्याची सायकल तुम्ही कशाला...” मी म्हणाले.

“जे चालतंय त्येलाच हार घालतो आमी,” सखूताई म्हणाल्या. “मोडकं समदं मागं परड्यात. ही पुण्यापासनं चालत आली न्हवं?”

लाल चिठ्ठी हाराखाली गेली होती. मी पूजेला हात जोडले. मनात म्हटलं, येताना लवण आहेच. पण लवणापाशी यजमान धावत आले. “पुजल्याली गाडी चिखलात घालू नका,” म्हणत त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि अलगद पलीकडे कोरड्यात ठेवली. इतक्या चांगल्या माणसावर ओरडता येत नाही.

मग परत खिंड. मग घाटाचा उतार. दोन्ही ब्रेक दाबून बोटं बधिर झाली.

चारला पाच कमी असताना मी पार्किंगमध्ये शिरले. भंगारवाले चाचा हातगाडी घेऊन उभे होते, शेजारी चेअरमनसाहेब.

“वा! धुऊनपुसून आणलीत,” ते म्हणाले. “कोपऱ्यावरून का?”

“कल्याणहून.”

“आणि चिखल?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा खाली बसले. त्यांनी चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काळाकुट्ट अंगठा वर धरला.

“साहेब, ब्रेकचं रबर अर्धं खाल्लंय. ताजं आहे. ही घाट उतरून आलीय. चालती गाडी मी नेत नाही. आणि आज हार घातलेली तर नाहीच नाही.”

मी हाराखालची चिठ्ठी सोडवली. फेकायला हात वर केला, तेवढ्यात माझं लक्ष शेजारी गेलं. मी ती स्कूटरच्या आरशाला नीट गाठ मारून बांधली.

चाचांनी ती वाचली. मग अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, “साहेब, मग ही न्यायची का?”

हार आता वाळलाय, मी काढलेला नाही. चिखल दाखवायचाही राहूनच गेला, आणि आता तो कुणाला दाखवायची गरज वाटत नाही. रोज भल्या पहाटे मी अजूनही निघते. फरक इतकाच, की पूर्वी फाटकापर्यंत सायकल हातात धरून गुपचूप जायचे. आता चेअरमनसाहेबांच्या खिडकीखालून घंटा वाजवत जाते. दोनदा.