मालकही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला

आमची ही गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसून आमसुलं करत होतो. ती रातांबे चिरायची, मी बिया काढून सालं रसाच्या पातेल्यात टाकायचो. माझ्या हाताला शिस्त नाही. “अहो, सालं बुडवताय की पोहायला सोडताय?” असं तिचं चाललेलं. बोलता बोलता मालकाची गोष्ट निघाली आणि ती इतकी हसली की विळीवरून उठावं लागलं. तीच गोष्ट लिहितो.

आमची चाळ रत्नागिरीत, बंदराच्या वाटेवर. आठ बिऱ्हाडं, एक विहीर, मागे दोन संडास. ऐंशी सालानंतर मुंबईची हवा इकडे आली आणि मालकाच्या डोक्यात शिरली. खोल्या पाडायच्या, तिथे ओनरशिपचे ब्लॉक बांधून विकायचे. ऐपत असेल त्याने घ्यावा, नसेल त्याने गाव गाठावं. मालक माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे घावन खायला यायचा. समजवायला आला तेव्हाही घावनच खात होता.

“वहिनी, ब्लॉक म्हणजे सुख. संडास घरात!”

“घरात?” ही म्हणाली. “मग जेवायचं कुठे, विहिरीवर?”

“तसं नव्हे हो...”

“नवरी म्हणून मी या खोलीत आले. इथून आडवी निघेन, उभी नाही. आणखी एक घावन वाढू?”

त्याने वाढून घेतलं.

मग आमचा विरोध सुरू झाला. तो कसला, विचारू नका. शेजारच्या शिंप्याच्या पडवीत सभा भरली. अध्यक्ष कोण, यावरच दिवे लावायची वेळ झाली. एकाला ब्लॉक नको होता, एकाला हवा होता पण तळमजल्याचा. शिंपी म्हणाला मोर्चा काढू, पण लग्नसराई संपल्यावर. ही वैतागली. घरी येऊन मला म्हणाली, “तुम्हा पुरुषांचं हे असंच चालायचं. राखण कधी आहे?”

राखण म्हणजे जागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा नारळ नि कोंबडा. विहिरीमागे माडाखाली त्याचा धोंडा आहे. जागा मालकाची, म्हणून नारळही त्याचा. गाऱ्हाणं मी घालायचो, कारण बर्फाच्या कारखान्यात यंत्राच्या आवाजावर ओरडून माझा आवाज मोठा झालेला. मी एकेक मागणं मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. आमच्याकडे हे बोलायला लागल्यापासून तोंडात बसतं. कोण काय मागतोय ते ऐकायलाही लागत नाही. त्या वर्षी काय मागायचं ते हिने मला पढवलं.

राखणीच्या दिवशी मालक बिल्डरलाही घेऊन आला. पांढरे बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. पण धोंडा बघताच बूट काढले. मूळचा राजापुराकडचाच निघाला.

“बा राखणदारा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत.”

“व्हय म्हाराजा!”

“पोराबाळांना सांभाळ, विहिरीचं पाणी सांभाळ.”

“व्हय म्हाराजा!”

पुढचं बोलायला मला धीर होईना. मालक समोरच उभा. तेवढ्यात मागून हिचं कोपर बरगडीत बसलं.

“या खोल्या मोडून जो कोणी विकायला काढील, त्याला तू आडवा ये!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज मालकाचा. डोळे मिटलेले, मान खाली. त्याच्या खालोखाल बिल्डरचा. मग मालकाने एक डोळा उघडला. तोवर मी नारळ फोडला होता.

“अहो, तुम्ही कशाला म्हणालात?” मालक बिल्डरवर ओरडला.

“तुम्ही म्हणालात म्हणून!”

“माझ्या तोंडातून गेलं!”

“मग माझ्या काय पोस्टातून गेलं?”

हिने पुढे होऊन बिल्डरच्या हातावर खोबरं ठेवलं. “प्रसाद घ्या भाऊ. आता तुम्ही आमच्यातलेच.”

बिल्डरने खोबरं खाल्लं आणि बूट हातात घेऊनच रिक्षात बसला. पुन्हा दिसला नाही. मालक धोंड्याकडे बघत राहिला.

“ह्याच्यासमोर बोललो. आता मोडलं तर माझी धडगत नाही. परत गाऱ्हाणं घालून शब्द मागे घेता येतो का हो?”

मी म्हटलं, “घाला की मालक. फक्त ‘व्हय’ म्हणायला माणसं तुमची आणा.”

चाळ आहे तशीच राहिली.

तर त्या संध्याकाळी हसून झाल्यावर ती म्हणाली, “सकाळी ऊन आलं की सालं बाहेर काढा. विसराल.” मग आमटीभात जेवलो आणि निजलो.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं, पण पाय शेजारी जाईनात. अंगणात ऊन आलेलं. मग पातेलं बाहेर काढलं, सालं सुपात पसरली, तिला लागायची तशी, एकावर एक चढू न देता. बराच वेळ लागला. त्यानंतर शिंप्याचं दार वाजवलं. म्हटलं, “मालकाला निरोप धाड. वहिनी निघाली म्हणावं. म्हणाली होती तशीच.”