आधी खाली बसायचं

लहान मुलाशी बोलायचं असलं की अक्का आधी खाली बसायच्या. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे हे बसणं तीन टप्प्यांत चाले. एक हात भिंतीला, दुसरा मांडीवर, मग 'विठ्ठला' म्हणून एकदम जमिनीवर. तोवर रडणारं पोर नवलानं गप्प झालेलं असे. मग अक्का त्याच्या डोळ्यांत बघून बोलत. उभ्यानं त्यांनी एकाही मुलाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

कुंभकोणमच्या आमच्या नर्सरी शाळेत अक्का आया होत्या आणि मी नवी शिक्षिका. सोलापुरात बालवाडीचा कोर्स केला, लग्न झालं आणि नवऱ्याच्या बँकेनं आम्हाला इथल्या मेलकावेरी भागात आणून टाकलं. मोठ्या बाईंनी माझं इंग्रजी ऐकून मला तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग दिला, तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन वर्षांची मुलं इंग्रजीत रडत नाहीत हे तेव्हा त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

पहिल्या सकाळी फाटकापाशी जो आकांत चालतो तो तुम्हीही कुठल्या ना कुठल्या बालवाडीत पाहिला असेल. मी एकच तमिळ वाक्य पाठ करून आले होते, 'अम्मा इप्पो वरुवांग', आई आत्ता येईल. तेच मी प्रसादासारखं सगळ्यांना वाटत सुटले. मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं, "खोटें सांगूं नको."

त्या अक्का. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि एकादशीला जवळच्या गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजन. त्यांचं मराठी मला जुन्या पत्रातलं वाटे, माझं त्यांना पेपरातलं. आई आत्ता येत नाही, जेवून निजून उठलं की येते, तसंच मुलांना सांगायचं, असं त्यांनी मला बजावलं. मला ते फार कठोर वाटलं. पण गुरुवारपर्यंत अक्कांनी समजावलेली मुलं खेळायला लागली आणि मी समजावलेली प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला फाटकाकडे धावत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात कविन नावाचा एक अबोल मुलगा माझ्या ओढणीला धरून म्हणाला, "मिस, आय वरुदु." 'वरुदु' म्हणजे येते, एवढं मला कळत होतं. म्हणजे आई येते! माझ्या आयुष्यातलं पहिलं तमिळ वाक्य मला न विचारता कळलं होतं. मी खूश होऊन सांगितलं, हो हो, येईल, बस हं. तो पुन्हा तेच म्हणाला, जरा घाईनं. मी त्याला आणखी माया करून, गालाला हात लावून खाली बसवलं. आणि मग जे यायचं होतं ते आलं.

इकडच्या मुलांच्या भाषेत आय म्हणजे शी. हे मला वर्गातल्या पंचवीस मुलांनी नाकं दाबून समजावलं. कविन मात्र रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला अजून सोसत नाही. अक्कांनी त्याला धुऊन शाळेतली जादा चड्डी घातली. मोठ्या बाईंनी सगळं दारातून पाहिलं आणि तीन महिने पुरे होईपर्यंत थांबायचं का याचा विचार करा, असं अगदी गोड आवाजात मला सांगून गेल्या.

नळापाशी मी अक्कांना म्हणाले की उद्यापासून मी येत नाही. अक्का माझ्यासाठीही खाली बसल्या, तीन टप्प्यांत.

"मज काय सांगतेस? त्या लेंकराला सांग. त्यानें दोनदां खरें सांगटलें होतें."

पायरीवर बसलेल्या कविनसमोर मी जाऊन बसले. मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, मला कळलं नाही, माझं चुकलं. मग 'उद्या मी' एवढं म्हणून अडले. तो वाट बघत होता. तोंडून निघालं ते 'येईन' असं. एकदा म्हटल्यावर येणं भाग होतं, कारण अक्का ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मुलं निजली की माझी शाळा भरू लागली. लागलं, दुखतंय, उचलून घे, नको, भूक, भीती. मोठ्यांचं तमिळ मागाहून शीक, अक्का म्हणायच्या, आधी लेंकरांचं. मी देवनागरीत लिहून घेई आणि त्या भाजी निवडता निवडता माझी परीक्षा घेत. मी हट्टाला पेटले होते. बसमध्ये, देवळाच्या रांगेत, जिथं लहान मूल दिसेल तिथं मी कान देऊन उभी राही, आणि मुलांच्या आया मला पोरं पळवणारी समजून त्यांना पदराआड घेत.

तीन महिने संपायच्या आठवड्यात मोठ्या बाई वर्ग बघायला येऊन बसल्या. मी रंग शिकवत होते. मधेच कविन उठला. अक्का दारातच होत्या, पण तो त्यांच्याकडे न जाता, मोठ्या बाईंच्या खुर्चीला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मिस, आय वरुदु." मी हातातलं सगळं टाकून त्याला उचललं आणि धावले. आम्ही वेळेत पोहोचलो. परत आले तेव्हा अक्का इतकंच म्हणाल्या, "बेष." नोकरी पक्की झाल्याचं पत्र नंतर मिळालं, पण माझ्या लेखी ती तिथंच पक्की झाली.

पोंगलनंतर अक्कांचे गुडघे त्यांचंही ऐकेनात. मुलगा त्यांना चेन्नईला न्यायला आला. निघताना कविननं त्यांचा पदर धरून विचारलं, उद्या येणार? बाहेर रिक्षा उभी होती. येते म्हण आणि चल, असं मुलगा घाईनं म्हणाला. खरं सांगते, त्यांनी तसं म्हणावं असं त्या क्षणी मलाही वाटलं. अक्कांनी एक हात भिंतीला लावला, दुसरा मांडीवर ठेवला आणि खाली बसल्या. नाही येणार, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं भोकाड पसरलं. त्याचं रडणं संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि मग त्यांना उठवायला मुलगा आणि मी दोघंही लागलो.

दुसऱ्या सकाळी कविन फाटकातून आत आला तो थेट माझ्याकडे. आयम्मा, म्हणजे अक्का, कधी येणार, त्यानं विचारलं. 'इप्पो वरुवांग', आत्ता येतील, हे वाक्य मला आता एखाद्या इथल्याच बाईसारखं म्हणता येत होतं.

मी भिंतीला हात लावला आणि खाली बसले.