साखळी नव्हती

हे मी शेवंतालाही सांगितलेलं नाही. शेवंता म्हणजे माझी बायको. तिला तर सांगणं शक्यच नव्हतं, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिचा सख्खा मोठा भाऊ. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखत असता तर — तर गप्पच बसलो असतो. इतकी वर्षं बसलोच ना?

लेथापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

शहाऐंशीच्या सुमाराला सिंदेवाहीत आमचं छोटं वर्कशॉप होतं, माझं आणि शेवंताच्या या भावाचं, सुखदेवभाऊंचं. राईस मिलचे शाफ्ट, इंजिनाचे बुश, पंपाचे सुटे भाग — असली कामं. लोखंड कातायचा लेथ नव्हता, म्हणून निम्मं काम चंद्रपूरला जायचं. मग कळलं की आंध्रच्या सीमेवर, सिरोंच्यात राजय्या नावाचा एक म्हातारा मिस्त्री धंदा मोडतो आहे. त्याचा जुना लेथ आम्ही घेतला.

लेथ दणकट होता, पण म्हाताऱ्याने त्याला नुसती ठिगळं लावलेली. एका पायाखाली सागवानाचा ठोकळा. एका चाकाला हँडलच्या जागी सायकलचं पायडल. तुटलेल्या दात्यात पितळ भरलेलं, जागोजागी तार गुंडाळलेली. आणि चालू-बंद करायच्या दांड्यापाशी सायकलच्या साखळीचा एक तुकडा, त्याच्या टोकाला सळई वाकवून केलेला आकडा.

त्याचं काम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. लेथ डिझेल इंजिनावर चालायचा आणि इंजिन दिवसभर सुरूच असायचं. दांडा अलीकडे ओढला की पट्टा मोकळ्या पुलीवर यायचा आणि लेथ थांबायचा. पलीकडे ढकलला की लोखंड पकडणारा चक गरगर फिरायला लागायचा. थांबवल्यावर तो आकडा दांड्यात अडकवायचा — एवढंच.

लेथ ट्रकात चढवताना राजय्याने ती साखळी धरून मला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला तेलुगू येत नाही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल — आपल्याला तेलुगू येत नाही, आपल्याला कसं कळणार? पण त्याने साखळी मुठीत घट्ट धरली, दुसऱ्या हाताने नको-नको केलं, आणि मी मान डोलावेपर्यंत मूठ सोडली नाही. याला कुठली भाषा लागते?

मला कळलं होतं.

दुकानात आल्यावर मी एकेक ठिगळ काढायला लागलो. पायाखाली लोखंडी पाट्या घातल्या, नवं हँडल बसवलं, दात्यांचं चाक नवीन करून आणलं. सुखदेवभाऊ कौतुकाने बघायचे. साखळी मात्र ते रोज न चुकता अडकवायचे. मी हसलो की म्हणायचे, बुढ्यानं लावली त काहीतरी कारण असन. मला तो आकडा डोळ्यांत खुपायचा. इतका सुंदर लेथ, आणि त्यावर ही भंगारातली साखळी.

भाताच्या रोवणीसाठी भाऊ गावी गेले. त्या दिवसांत मी ती काढली. दांडा पुढे-मागे करून पाहिला, जागच्या जागी राहत होता. साखळी भंगाराच्या डब्यात टाकली. कारण काही नव्हतं. लेथ माझा दिसावा, राजय्याचा नको — एवढंच. म्हणायला सोपं, ऐकायलाही साधं वाटतं, नाही?

भाऊ परत आले त्याच दुपारी मी मागे इंजिनापाशी होतो. इंजिनाचा आवाज अचानक दबला. कामाचा भार आला की तो तसा दबतो. पण भाऊ तर नुकतंच काम थांबवून चकातला लोखंडाचा कीस काढत होते. कोणी दांडा हलवला? कोणीच नाही. हादऱ्याने मोकळा दांडा सरकून पट्टा आपोआप चढला होता. हे मला तेव्हाच, तिथेच समजलं, किंकाळी ऐकू यायच्या आधी. मी इंजिन बंद केलं.

उजव्या हाताचं काय झालं ते लिहीत नाही. लोक धावले. मिलवाल्यांची जीप आली, भाऊंना त्यांनी मागे निजवलं. मला म्हणाले, बस. मी म्हणालो, तुमी चला, मी दुकान बंद करून येतो.

इथे थोडं थांबतो.

जीप गेली. मी भंगाराचा डबा उपडा केला. साखळी सापडली. बोल्ट पुन्हा पुन्हा निसटत होता. नवा बोल्ट चकाकत होता, म्हणून त्यावर जळकं ऑइल आणि धूळ चोळली. लांबून पाहिलं. जवळून पाहिलं. मग कुलूप लावलं आणि बस पकडून चंद्रपूरला दवाखान्यात गेलो. वाटभर एकच भीती होती. भाऊ वाचतात की नाही, ही नाही. भाऊ शुद्धीवर आल्यावर काय बोलतात, ही.

ते बोलले. शेवंता उशाशी होती, वहिनी पायाशी.

"साखळी नोहती, जवाई. मी हात नेला त तिथी काईच नोहतं. म्हटलं, जवाईनं दांडाच पक्का केला असन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय म्हणालो?

"होती ना भाऊ. तापात हाये तुमी."

वहिनींनी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली. शेवंता म्हणाली, दादा, आराम करा.

हात गेला मनगटातून. पुढे बरे झाल्यावर भाऊ दुकानात आले, सरळ लेथापाशी गेले. साखळी होती. डाव्या हातात धरून त्यांनी ती ओढून पाहिली. मला वाटलं, आता बोल्ट पाहतील. आता विचारतील. पण त्यांनी साखळी सोडून दिली.

"मंग मीच इसरलो," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली, तिला मी हात गेल्यापेक्षाही जास्त भितो. भाऊंचा स्वतःवरचा विश्वास उडाला. घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत यायचे. वहिनींना विचारायचे, मी जेवलो का? चूल विझवली का, बैल बांधले का? काहीही विसरलेले नसायचे. त्यांना सगळं लख्ख आठवायचं, आणि आठवलेलं खरं मानायची त्यांची हिंमत नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं असतं, हे त्यांना मी शिकवलं होतं.

एकदा राजय्या आला. लेकीकडे नागभीडला चालला होता, लेथ बघायला उतरला. त्याला मी बसमधून उतरतानाच ओळखलं. त्याने साखळीला हात लावला. घाईत मी आकडा उलटा बसवला होता, त्याचं तोंड खाली होतं. माझ्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या एका नजरेत आलं. त्याने स्टुलावर बसलेल्या भाऊंचा थोटा हात पाहिला. मग मला हळूच, मोडक्या मराठीत विचारलं, "हे तू काढला होता?"

मी म्हणालो, नाई.

त्याने चहा घेतला नाही. तसाच बसथांब्याकडे निघून गेला. बुढा काय म्हणे, असं भाऊंनी विचारलं. मशीन चांगली ठेवली म्हणे, मी सांगितलं. ते खूश झाले.

राजय्या कोणाला सांगेल, या भीतीत पुढची कितीतरी वर्षं गेली. दारात सायकल थांबली तरी दचकायचो. तो वारल्याचं कळलं तेव्हा मला हलकं वाटलं. हेही लिहूनच ठेवतो.

भाऊ आता थकले आहेत. मध्यंतरी त्यांच्या नातीचं बारसं झालं. सुनेने आत जाताना पोर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. मला वाटलं, हातामुळे. मी म्हणालो, भाऊ, घ्या ना, एका हातानं येते धरता.

"धरता येते," ते म्हणाले. "पण धरून हाये हेच इसरलो त? तुमी घ्या, जवाई."

सगळे हसले. शेवंताही हसली. मी हात पुढे केले आणि पोर घेतली.