मान वर काढून पोहणारे

ऐंशी सालच्या सुमाराला मी मुंबईच्या तरणतलावात पोहायला शिकून वाशीच्या नव्या फ्लॅटात राहायला आलो होतो. जवळच्या गावात नारळी पुनवेला नदीत शर्यत असायची. नदीच्या वरच्या अंगाला कारखाने आल्यापासून गावकरी तोंड गच्च मिटून, मान वर काढून पोहत. "यांच्यापेक्षा म्हशी बऱ्या!" असं म्हणून मी हसलो, तोंड पाण्यात घालून ऐटीत पोहलो आणि पहिला आलो.

महिन्याभरात काविळीनं हळदीच्या नवरदेवासारखा पिवळा झालो. गावचा म्हातारा कोळी शहाळं घेऊन भेटायला आला. मी म्हटलं, "काका, पुढच्या वर्षी मला तुमच्यासारखं पोहायला शिकवा."

"कुटं शिकवू, बाला? मान वर काढनारं बी आजारी परलं. शर्यत बंद केली आमी."

मग त्यानं शहाळं पुढं केलं. "पी. चोख पानी आता यवरंच हाय."