लिफ्टमधल्या जाहिरातीमागचा बोर्ड

लखनऊकर मंडळी, कुणाच्या कपाटात जुना सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर पडलाय का? तोच, तळहाताएवढा, ज्यावर पोरं प्रोग्रॅमिंग शिकतात. प्लीज, आजच्या आज सांगा.

माझ्या नववीतल्या सईचा बोर्ड सकाळी माझ्या हातून जळला. उद्या तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. मदत करायला गेले आणि पॉवर चालू असतानाच वायर भलत्याच पिनला लावली. बारीकसा धूर आला आणि संपलं. ती रडलीसुद्धा नाही, तिनं आधी पॉवर बंद केली.

तशीच तिला घेऊन आलमबागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदार भैयांनी सांगितलेली किंमत मी पुन्हा विचारून घेतली. "इतने में तो पुराना लैपटॉप आ जाए, मैडम," तेच म्हणाले. मी तेवढेही द्यायला तयार झाले, तर माल नाही! सगळे बोर्ड म्हणे कंपन्या पेट्याच्या पेट्या उचलतात. "बच्चों के लिए अब कौन मँगाता है?"

अहो, मुलांना परवडावा म्हणूनच निघाला होता ना हा?

वृंदावन योजना कॉलनीत घरी परतलो. आमच्या लिफ्टमध्ये जाहिरातींचा स्क्रीन लावलाय, त्याचं झाकण निघून लोंबत होतं. आत तोच बोर्ड! दिवसभर साबणाची जाहिरात दाखवत बसलाय.

सई हळूच म्हणाली, "मम्मी, इसे निकाल लें?"

मी तिला ओरडायला हवं होतं. पण मी आधी लिफ्टमध्ये कॅमेरा आहे का ते बघितलं.